पातळ बर्फ, मोकळं आभाळ आणि हिमस्खलन: डिसेंबरात हिमालयात जाणाऱ्या आपल्या पोरांसाठी

दिवाळी आटोपली, सोयाबीन विकलं, कापसाची सीतादही झाली की आपल्याकडच्या गावागावात पोट्ट्यांचे हिमालयाचे बेत सुरू होतात. कोणाचं केदारकांठा, कोणाचं ब्रह्मताल, कोणी मनाली नाही तर गुलमर्ग. जावंच, बर्फ आयुष्यात एकदा तरी पाहावाच. पण ज्या वर्षी तिकडे बर्फ उशिरा पडतो, दिवसा ऊन छान असतं, थंडी बेताची असते, त्या वर्षी हमखास एक वाक्य कानावर येतं. "काका, यंदा तिकडं बर्फच कमी हाय म्हणते, मंग धोका कायचा?"

हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. कारण बर्फाचा अभ्यास करणारे लोक जे सांगतात ते जवळजवळ याच्या उलट आहे. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ, वर मोकळं आभाळ, दिवसा ऊन अन् रात्री गारठा, हे सगळं जमून आलं की पुढच्या हिमस्खलनाचा पाया तिथंच घातला जातो. तो कसा, ते नीट समजून घेऊ, थोडं लांबेल पण वाचा.

आधी हिमस्खलन म्हणजे काय ते. आपल्या डोक्यात चित्र असतं की वरून भुसभुशीत बर्फ धो धो खाली येतो. तसाही येतो, एका ठिकाणाहून सुटतो आणि खाली पसरत जातो, पण माणसं जास्त मरतात ती दुसऱ्या प्रकारात. त्याला स्लॅब म्हणतात. वरचा बर्फ आपापसात घट्ट बसून त्याची एक अखंड लादी झालेली असते, तिच्या खाली एक कमजोर थर असतो, आणि तो थर बसला की अख्खी लादी एकाच वेळी सुटते. तुम्ही उताराच्या मधे उभे असता आणि तडा जातो तुमच्या कितीतरी वर, म्हणजे पळायला जागाच नसते. काही सेकंदात तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, उतारावर हिंडणारे लोक हिमस्खलनात सापडतात तेव्हा १० पैकी ९ वेळा ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने मोडलेली असते. आभाळातून आलेलं संकट नसतं ते, आपल्याच पायाच्या वजनाने सुरू झालेलं असतं.

मग हा कमजोर थर येतो कुठून? इथं आपल्या कास्तकाराला अर्धं उत्तर आधीच माहीत आहे. डिसेंबरात आभाळ मोकळं असलं की रात्री हिव कडाक्याचं पडतं, आणि आभाळ आलं की थंडी पळते (अन् तुरीवर अळी येते, ते दुखणं वेगळं). कारण साधं आहे, जमीन दिवसभराची ऊब रात्री वर सोडत असते, ढग असले तर त्यातली बरीच ऊब अडून परत खाली येते, ढग नसले तर सरळ निघून जाते. बर्फ तर याबाबतीत आणखी पुढचा. मोकळ्या रात्री बर्फाचा वरचा पापुद्रा इतकी ऊब सोडतो की तो आजूबाजूच्या हवेपेक्षाही कितीतरी अंशांनी थंड होतो. म्हणजे मोबाईलवर तापमान शून्याच्या जरा खाली दिसतं, लोक म्हणतात यंदा थंडी बेताचीच, आणि बर्फाचा पृष्ठभाग मात्र उणे १२ ला गेलेला असतो.

आता त्याच बर्फाच्या तळाशी काय चाललंय ते पाहा. जमिनीत पावसाळ्यापर्यंतची ऊब साठलेली असते आणि वर बर्फ असल्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही, म्हणून जमिनीला टेकलेला बर्फ शून्य अंशाच्या आसपासच राहतो. खाली शून्य, वर उणे १२. हा १२ अंशांचा फरक किती जाडीत पडतो त्यावर सगळा खेळ आहे. बर्फ २ मीटर जाड असेल तर दर १० सेंटिमीटरला अर्ध्या अंशाच्या थोडा वर फरक पडतो, काही बिघडत नाही, उलट दाणे हळूहळू गोल होऊन एकमेकांना चिकटतात आणि थर मजबूत होतो. पण बर्फ फक्त ४० सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याएवढाही नाही, तर दर १० सेंटिमीटरला ३ अंश. आणि ढोबळ नियम असा आहे की १० सेंटिमीटरला १ अंशाच्या वर फरक गेला की बर्फ आतून बदलायला लागतो. म्हणजे बर्फ जितका पातळ तितका हा बदल जोरात. हा एक हिशोब समजला तर बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून पुन्हा एकदा वाचा हवं तर.

बदल असा होतो. तळाच्या उबदार भागातून वाफ वर सरकते, वरच्या थंड दाण्यांवर जाऊन गोठते, जुने दाणे झिजतात आणि नवे वाढतात, पण नवे दाणे टोकदार, सपाट बाजूंचे, कोरडे. अभ्यास करणारे लोक काळ्या रंगाच्या छोट्या पत्र्यावर, ज्यावर मिलिमीटरच्या रेघा असतात, हे दाणे ठेवून भिंगातून पाहतात. भिंगातून कोपरे स्पष्ट दिसतात, कडांवर बारीक रेघा दिसतात, आणि हा प्रकार गंज दिवस चालला असेल तर तळाचे दाणे आतून पोकळ, वाटीसारख्या आकाराचे झालेले असतात. भिंग नसलं तरी कळतं, हातमोज्यात मूठभर घेऊन दाबा, गोळा होतच नाही, बोटांच्या फटीतून गळून जातो. दाण्याला दाणा धरून ठेवणारं काही राहिलेलंच नसतं.

आता यावर नवा बर्फ पडला की काय होईल ते घरी करून पाहता येतं. टिनाच्या पत्र्यावर सोयाबीनचा एक थर पसरा, त्यावर प्लायवूडचा तुकडा ठेवा, आणि पत्रा एका बाजूने हळूहळू उचला. थोड्या कलापर्यंत काही होत नाही, सगळं जागच्या जागी. मग एका क्षणी अख्खा तुकडा एकदम सुटतो, तुकड्याला कुठंच काही झालेलं नसतं, खालचे दाणे तेवढे गडगडलेले असतात. तुकडा जड असला किंवा त्यावर वरून बोट दाबलं तर आणखी लवकर सुटतो, आणि पहाडात ते बोट म्हणजे आपला पाय.

म्हणून पातळ बर्फावर लगेच धोका दिसत नाही आणि तिथंच माणूस फसतो. नोव्हेंबरात थोडा बर्फ पडला, मग तीन-चार आठवडे कोरडे गेले, दिवसा ऊन, रात्री मोकळं आभाळ, लोक म्हणतात हवा किती छान. त्या छान हवेत तो ४० सेंटिमीटरचा बर्फ रोज रात्री आतून मोडत असतो. वर लादीच नाही म्हणून काही घसरत नाही एवढंच. मग एक दिवस पश्चिमेकडून वेस्टर्न डिस्टर्बन्स येतो, तोच ज्याच्या नावाने आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस अन् गारपीट होते आणि हरभरा-गहू झोपतो, तो तिकडे एका रात्रीत फूट-दोन फूट बर्फ टाकून जातो. सोबत वारा. आता कमजोर थरावर लादी आली. आणि दुसऱ्या दिवशी आभाळ निळं, ऊन पडलेलं, झाडं पांढरी, फोटोला याच्यापेक्षा चांगला दिवस नाही. बर्फ पडून गेल्यावरचा हा पहिला उन्हाचा दिवस सगळ्यात फसवा असतो, पोरांना मी हेच सांगत असतो की त्या दिवशी मोबाईल खिशात ठेवा अन् वरच्या उताराकडे पाहा.

दुसरी एक गोष्ट अशी की हा खराब झालेला बर्फ सगळीकडे सारखा नसतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन पडतं, सुरुवातीचा बर्फ तिथं वितळून जातो, गवत दिसायला लागतं. उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर, उंचावर, झाडांच्या वर, तो टिकतो, आणि टिकतो म्हणजे तिथंच तो आठवडेच्या आठवडे मोडत राहतो. म्हणजे ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी बर्फ उरलेला असतो नेमक्या कमजोर जागी, आणि बर्फ पाहायला गेलेली माणसंही नेमकी तिकडेच ओढली जातात कारण बाकी डोंगर कोरडा असतो. शिवाय पातळ बर्फात दगड, झुडपं जेमतेम झाकलेली असतात, त्यांच्या भोवती थर आणखी कमजोर, पाय तिथं पडला की आरंभ तिथूनच. आणि घसरलाच तर माणूस त्याच दगडांवरून घासत जातो, गाडला न जाताही मार लागून जीव जातो.

आता ऊबदार हवेचं. दिवसा तापमान शून्याच्या वर गेलं, किंवा बर्फावर पाऊस पडला, की वरचा थर ओला होतो, रात्री गोठून त्याची कडक, गुळगुळीत पपडी होते. त्या पपडीवर नवा बर्फ पडला तर त्याला नीट धरायला काही मिळत नाही, आणि पपडीच्या लगत तेच टोकदार दाणे वाढतात ते वेगळंच. शिवाय मोकळ्या, शांत रात्री हवेतली वाफ थेट बर्फावर गोठून पिसासारखे नाजूक स्फटिक उभे राहतात, सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतात, पण पुढचा बर्फ त्यांच्यावर पडून ते झाकले गेले की तो अगदी वाईट कमजोर थर ठरतो, दिसतही नाही आणि लवकर जातही नाही.

पहाडी लोक म्हणतात पहाटे लवकर निघा, ऊन चढायच्या आत परत या. ते बरोबर आहे, कारण रात्री गोठलेला बर्फ सकाळी घट्ट असतो आणि दुपारी ऊन लागून सैल होतो. पण हा नियम ओल्या बर्फाचा, आणि त्यातही रात्री आभाळ मोकळं असेल तरच चालतो. रात्रभर ढग राहिले तर आपल्याकडे जशी थंडी पळते तसंच तिथंही, बर्फ नीट गोठतच नाही, मग पहाटे ४ वाजता निघूनही खाली ओला, सुटा बर्फच असतो. पाय घोट्याच्या वर फसायला लागला, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत खाली यायला लागले तर तिथून निघायचं. कोरड्या लादीला तर सकाळ-दुपार असा काही नियमच नाही, ती सकाळी ७ वाजताही तितक्याच सहज मोडते.

हे पुस्तकी नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी द्रौपदी का डांडा २ या शिखरावर चढत होते, सकाळची वेळ, सोबत अनुभवी प्रशिक्षक, आणि स्लॅब सुटली. २९ जण गेले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू असते. गुलमर्गचंही पाहा, २०२४ चा जानेवारी तिथं कोरडा गेला, बर्फाशिवाय पिवळं पडलेलं मैदान सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं, मग महिनाअखेरीपासून बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत भरपूर पडला आणि २२ फेब्रुवारीला तिथंच हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. आणि ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ७ पर्यटक गेले, ते काही शिखरावर चढत नव्हते, गाडीने आलेले साधे लोक होते. आपल्या भागाला तर हा शब्द जवानांमुळे माहीत आहे, जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये जे जवान बर्फाखाली गेले त्यात अकोला जिल्ह्यातलेही होते. ते ड्युटीवर होते, त्यांना मागे फिरायची मुभा नव्हती. ट्रेकला गेलेल्या पोराला ती मुभा आहे, आणि ती त्याने वापरावी एवढंच माझं म्हणणं आहे.

तर प्रत्यक्ष काय पाहायचं. सगळ्यात आधी उताराचा कोन, कारण बर्फ आतून कसा आहे हे ओळखायला वर्षं लागतात पण कोन कोणालाही मोजता येतो. स्लॅब बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते, ३८ च्या आसपास सगळ्यात जास्त. मोबाईलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, काठी उताराच्या दिशेने, वरून खाली अशी बर्फावर टेकवून ठेवायची, तिच्यावर मोबाईल ठेवायचा, आकडा वाचायचा. ३० च्या खाली असाल तर तुमच्या पायाखालची लादी सुटायची शक्यता फार कमी. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, तुम्ही सपाटीवर उभे आणि वर ३८ चा उतार लटकलेला, तर वरचा बर्फ तुमच्यावर येऊ शकतो, आणि कमजोर थर फारच नाजूक असेल तर तुम्ही खालच्या सपाटीवर चाललात तरी तडा वरपर्यंत पळत जाऊन लादी सुटते. म्हणून तंबू, जेवणाची सुट्टी, ग्रुप फोटो, यातलं काहीच अशा उताराच्या खाली नाही. अरुंद नाल्यात तर मुळीच नाही, तिथं थोडासाही बर्फ आला तरी तो साचून माणसाच्या डोक्यावर जातो.

मग खुणा. आजूबाजूच्या तशाच उतारावर ताजं स्खलन झालेलं दिसलं तर विचार करत बसायचं नाही, आपला उतारही तसाच आहे. चालताना पायाखालून "धुप्प" असा दबका आवाज आला, बर्फ जरा खाली बसल्यासारखं वाटलं, तर तो कमजोर थर कोसळल्याचा आवाज आहे, बर्फ स्वतःच सांगतोय की परत जा. पावलापासून पुढे भेग पळत गेली तरी तेच. एका दिवसात ३० सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त नवा बर्फ, धारेवरून वाऱ्याने बर्फ उडून आपल्या बाजूला साचताना दिसणं, एकदम चढलेलं तापमान, यातलं एकही असलं तर मोठ्या उतारावरचा बेत त्या दिवशी रद्द.

गाईड चांगला असेल तर तो खड्डा खणून बर्फाचे थर दाखवतो, त्याला म्हणा आम्हाला दाखवा. फावड्याने जमिनीपर्यंत खणतात, भिंत सरळ तासतात, मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा एक खांब चारही बाजूंनी मोकळा करतात. वर फावड्याचं पातं सपाट ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या, १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. कमजोर थर असेल तर मनगटाच्या थापांतच खांबाचा वरचा भाग सपकन ड्रॉवरसारखा पुढे सरकून येतो, कापल्यासारखा सरळ. ते एकदा डोळ्याने पाहिलं की पोरांना समजावून सांगावं लागत नाही. मात्र खांब सरकला नाही म्हणून डोंगर सुरक्षित ठरत नाही, कारण ५० मीटर पुढे बर्फ वेगळा असतो. ही चाचणी "जाऊ नका" सांगू शकते, "जा" सांगू शकत नाही.

आणि सापडलंच कोणी तर? इथं वेळेचा हिशोब फार कठोर आहे. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० ते १५ मिनिटांत काढलं तर वाचायची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने कमी होते, कारण बहुतेक जण गुदमरून जातात. थांबलेला बर्फ लगेच आवळून घट्ट होतो, एक घनमीटर ३०० ते ५०० किलोचा, आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. मदतीचं पथक डोंगरात १५ मिनिटांत क्वचितच पोचतं. म्हणजे वाचवणारे फक्त सोबतचेच, आणि त्यांच्याजवळ तीन वस्तू पाहिजेत: ट्रान्सिव्हर, प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी काठी, आणि धातूचं फावडं. ट्रान्सिव्हर म्हणजे छातीला बांधायचं, रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, जगभर ४५७ किलोहर्ट्झवरच चालतं त्यामुळे कुठल्याही कंपनीचं एकमेकांना सापडतं. माणूस शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवायची, सगळ्यांनी यंत्र शोधण्यावर टाकायचं, त्यावरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तसं पुढे, ३ मीटर राहिले की यंत्र बर्फाला टेकवून हळू, आकडा सगळ्यात लहान येईल तिथून प्रोब खुपसायला सुरुवात, गोल गोल बाहेर जात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने. लागला की प्रोब तिथंच ठेवायचा, आणि खणायचं वरून सरळ खाली नाही, उताराच्या खालच्या बाजूने आडवं माणसाकडे जायचं. आधी तोंड आणि नाक मोकळं. शोधताना मोबाईल, स्मार्ट घड्याळ यंत्रापासून निदान अर्धा मीटर लांब, नाही तर आकडे चुकतात. हे सगळं वाचून येत नाही, निघायच्या आधी मैदानात यंत्र पुरून सराव करावा लागतो, पुन्हा पुन्हा.

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या सोडा, लादीच्या कडेकडे निघायचा प्रयत्न करा, आणि बर्फ थांबायला लागला की हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करा, कारण थांबल्यावर हात हलत नाही.

निघायच्या आधी बुलेटिन पाहायचं. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था (मनालीला १९६९ पासून असलेली, बर्फाचा अभ्यास करणारी सासे ही संस्था तिच्यात मिळवली गेली) हिमस्खलनाचा इशारा काढते, आणि राज्यांचे आपत्ती विभाग तो जिल्हा आणि उंचीसकट देतात, म्हणजे अमुक जिल्ह्यात २८०० मीटरच्या वर मध्यम धोका, असा. आपलं चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे आणि केदारकांठ्याचा माथा ३८०० च्या, त्यामुळे उंचीचा आकडा नीट वाचा. आणि मध्यम शब्द ऐकून हायसं वाटून घेऊ नका. युरोपात पाच पातळ्यांचा इशारा असतो, तिथं जास्तीत जास्त माणसं मधल्या, तिसऱ्या पातळीच्या इशाऱ्यात मरतात, कारण चौथी-पाचवी लागली की लोक घरी बसतात.

ट्रेकवाल्यांना विचारायचं ते हे: वाट कुठं कुठं ३० अंशांच्या वरच्या उतारातून किंवा त्याच्या खालून जाते, लीडरने पर्वतारोहणाचा कोर्स केलाय का, रोजचं बुलेटिन कोण पाहतं, तीन वस्तू किती जणांजवळ असतील, बर्फ पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांबायची सोय वेळापत्रकात आहे का, आणि लीडरने मधूनच मागे फिरवलं तर पैशाचं काय. शेवटचा प्रश्न विचारायला पोरं लाजतात, पण घरून कापसाच्या पैशातून फी भरलेली असते आणि तोच पैसा डोळ्यापुढे येऊन माणूस वर चढत राहतो, म्हणून तो आधीच मिटवलेला बरा. आणि हे सगळं बुकिंग करायच्या आधी, गावात असतानाच विचारायचं, सांकरीला, म्हणजे केदारकांठ्याच्या पायथ्याच्या गावी, उतरल्यावर विचारलं तर खिशात परतीचं तिकीट सहा दिवसांनंतरचं असतं आणि मग कोणी नाही म्हणत नाही.